पाणी कोणाचे कोणाला बाधते?

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि तह उभे राहतात. सातवीपर्यंत मीही तोच इतिहास शिकले. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी ऐतिहासिक लिहा" असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मंडळाची जन्मकथा दुसऱ्या भगिनींनी आधीच लिहावयास घेतली होती. मग मी मनाशी ठरविले की, ज्या इतिहासात पाण्याचा हंडा, मच्छरदाणी आणि रोजची एक स्वस्त गोळी यांना मानाचे पान आहे, असा इतिहास आपण सांगावा. तो एचआयव्ही झालेल्या माणसांचा आहे, आणि त्यांच्या शरीरात वाढू पाहणाऱ्या परोपजीवी जंतूंना अडवून धरण्याचा आहे.

विषय ऐकून काही भगिनी नाक मुरडतील, हे मी जाणून आहे. मंगल प्रसंगीच्या अंकात असल्या रोगाचे नाव कशाला, असेही कोणी म्हणेल. पण आरोग्य हा आपल्या मंडळाच्या कार्याचा भाग आहे, आणि या गोष्टीत आपल्या स्वयंपाकघराचा जितका संबंध येतो तितका डॉक्टरांच्या खोलीचाही येत नाही. माझी भाची जिल्ह्याच्या गावी एका प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे काम करते. सुट्टीत ती आली म्हणजे मी तिला विचारीत असे आणि ती सांगे ते वहीत उतरवून घेत असे. "आत्या, तू परीक्षेला बसणार आहेस का?" म्हणून ती हसे. त्या वहीवरून पुढचे लिहीत आहे.

प्रथम रोगाची ओळख. एचआयव्ही हा विषाणू आपल्या रक्तातील एका विशिष्ट जातीच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. डॉक्टर त्यांना सीडी-४ पेशी म्हणतात. शरीरात कोण परका शिरला हे ओळखून बाकीच्या पेशींना जागे करण्याचे काम या पेशी करतात. वाड्याचा दरवान म्हणा ना! औषधावाचून राहिले तर विषाणू वर्षानुवर्षे हे दरवान एकेक करून कमी करीत जातो. माणूस वरून धडधाकट दिसतो, पण वाड्याला राखण उरत नाही. मग चोर शिरतात ते बाहेरूनच येतात असे नाही. कित्येक आधीपासून आतच दडून बसलेले असतात.

या चोरांपैकी एक मोठी जात म्हणजे परोपजीवी. दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्याच जिवावर पोसणारे. आपण ज्यांना जंत म्हणतो ते डोळ्यांना दिसतात, पण कित्येक परोपजीवी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. हिवतापाचा जंतू त्यांतलाच. काही पाण्यातून येतात, काही मातीतून, काही अर्धकच्च्या मांसातून, काही डास आणि माशा यांच्या दंशातून. धडधाकट माणसाला त्यांतल्या बऱ्याच जणांची खबरही लागत नाही. दोन दिवस पोट बिघडते आणि बरे होते. ज्याचे दरवान संपले आहेत त्याचे मात्र त्याच जंतूने प्राण जातात. माणूस एचआयव्हीने मेला असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा शेवटचा घाव अशा एखाद्या जुन्या, ओळखीच्या जंतूनेच घातलेला असतो.

या रोगाचा सुगावा प्रथम लागला तोही एका परोपजीवीविरुद्धच्या औषधावरूनच, आणि तो लागण्यात एका बाईचा वाटा आहे. अमेरिकेत अटलांटा येथे सरकारचे रोगनियंत्रण केंद्र आहे. पेंटामिडीन नावाचे, क्वचितच लागणारे औषध तेथील परोपजीवी रोगांच्या विभागातून पुरविले जाई. हे औषध आफ्रिकेतील निद्रारोगावर आणि आपल्याकडच्या काळ्या आजारावरही वापरीत. सँड्रा फोर्ड या बाई तेथे औषधांच्या मागण्यांची नोंद ठेवण्याचे काम करीत. १९८१ च्या वसंतात त्यांच्या ध्यानात आले की, न्यूयॉर्ककडून तरुण पुरुषांसाठी हे औषध पुन्हापुन्हा मागविले जात आहे आणि रोगाचे मूळ कारण कोणीच लिहीत नाही. त्यांनी ही गोष्ट आपल्या वरिष्ठांना लिहून कळविली. ५ जून १९८१ रोजी त्या केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांची हकीगत छापून आली. एड्सच्या इतिहासाचे ते पहिले पान समजतात. हिशेबाच्या वहीत डोळस बाई असली म्हणजे काय होते, हे आपल्या खजिनदारबाईंनी अवश्य लक्षात घ्यावे!

त्या पाच जणांना झाला होता तो न्यूमोसिस्टिस नावाच्या जंतूचा फुप्फुसाचा आजार. हा जंतू ब्राझीलमध्ये कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये पाहिला होता, पण तो वेगळाच जंतू आहे हे १९१२ मध्ये पॅरिसच्या डेलानो पतिपत्नींनी दाखविले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील अनाथालयांत उपासमारीने खंगलेली तान्ही बाळे याच जंतूने दगावली. म्हणजे जेथे शरीराची राखण संपते, मग ती भुकेने संपो की विषाणूने, तेथे तो घुसतो. पुष्कळ वर्षे त्याला परोपजीवी प्राणीच समजत. १९८८ मध्ये तो बुरशीच्या कुळातला ठरला. कुळ बदलले तरी त्याची खोड तीच राहिली.

आपल्या देशात हा विषाणू सापडला तो १९८६ मध्ये मद्रासला. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने रक्ताचे नमुने गोळा केले आणि त्यांतून हे निष्पन्न झाले. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुढे १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने संस्था काढून एचआयव्ही झालेल्यांची सेवा केली. २०१५ मध्ये त्या निवर्तल्या आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. ज्या काळी अशा रुग्णाला हात लावण्यास दवाखान्यातले लोकही कचरत, त्या काळी या बाईंनी त्यांना जवळ बसवून धीर दिला.

लोक कचरत होते, कारण रोग कसा पसरतो हे ठाऊक नव्हते. आज ते पक्के ठाऊक आहे. शरीरसंबंध, बाधित रक्त, दूषित सुई, आणि आईकडून पोटातल्या अथवा अंगावर पिणाऱ्या बाळाला, एवढेच त्याचे मार्ग. एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, एका ताटात जेवल्याने, एकाच पोळपाटावर लाटल्याने, हातात हात घेतल्याने अथवा डास चावल्याने एचआयव्ही होत नाही.

येथे मला एक ओढाळ आठवण सांगितलीच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात, आमच्या ओळखीच्या एका ठिकाणी पापडांच्या कामाला एक नवी बाई येऊ लागली होती. हात चपळ, बोलणे थोडे. नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला. कोणीतरी कुजबुजले की तो "त्या" रोगाने गेला. दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी एक स्टीलचा पेला निराळा झाला आणि खिडकीत उपडा पडू लागला. मी त्या आठवड्यात गावी गेले होते. परत आले तेव्हा बाई येईनाशी झाली होती. तिला काही रोग होता की नव्हता हे मला आजही ठाऊक नाही, आणि ते विचारण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. पण भाचीला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "आत्या, त्या बायकांनी सगळे उलटे केले. तिला खरेच तो आजार असेल, तर तिच्या पेल्याची भीती त्यांना नको होती. त्यांच्या हंड्यातल्या पाण्याची भीती तिला होती."

भगिनींनो, या एका वाक्याकरिता मी हा लेख लिहावयास घेतला. पाणी कोणाचे कोणाला बाधते, हे आपण नीट समजून घेतलेच नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात मिळाला. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक बारीक परोपजीवी आहे. १९०७ मध्ये टायझर नावाच्या शास्त्रज्ञाने तो उंदरात पाहिला. माणसात तो १९७६ मध्ये प्रथम आढळला. गुरांच्या आणि माणसांच्या मळातून तो पाण्यात येतो, आणि त्याचे कवच असे चिवट की नळाच्या पाण्यात घालतात त्या क्लोरीनने तो मरत नाही. १९९३ च्या वसंतात मिलवॉकीच्या एका जलशुद्धीकरण केंद्रातील गाळणी नीट चालली नाही आणि हा जंतू घरोघरच्या नळाला आला. सुमारे ४ लाख माणसे जुलाबांनी आजारी पडली. बहुतेक सगळी काही दिवसांत बरी झाली. जी दगावली त्यांत बहुसंख्य एड्स झालेली होती. पाणी सर्वांना एकच मिळाले होते. एकाला ते आठवडाभराचा त्रास देऊन गेले, दुसऱ्याचे प्राण घेऊन गेले. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातील, यंत्राने शुद्ध केलेल्या पाण्याची ही कथा! आणि उपाय म्हणून शहराने लोकांना काय सांगितले? पाणी उकळून प्या. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळले की हा जंतू मरतो. आजीबाईच्या बटव्यातला उपाय शेवटी कामास आला.

आता त्या स्वस्त गोळीची कथा सांगते. तिचे नाव कोट्रायमोक्झाझोल. नाव जिभेला जड आहे, परंतु गोळी आपल्यापैकी पुष्कळांनी केव्हा ना केव्हा घेतली असेल. तिच्यात दोन औषधे एकत्र असतात. एक जुन्या सल्फा जातीचे आणि दुसरे ट्रायमेथोप्रिम. हे दुसरे औषध जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून निघाले. एलियनबाईंना सुरुवातीला बाई म्हणून प्रयोगशाळेत काम मिळत नव्हते. १९८८ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

गोळीचे काम मला भाचीने असे समजावले. वाढण्यासाठी प्रत्येक जिवाला फोलिक आम्ल लागते. आपण ते पालेभाज्या, कडधान्ये खाऊन मिळवितो. या जंतूंना ते घरीच रांधावे लागते. सल्फाने त्यांची चूल विझते, आणि ट्रायमेथोप्रिमने उरलेसुरले रांधणे पुढच्या पायरीला अडते. दोन्हीकडून कोंडी झाली की जंतूची वाढ खुंटते.

१९७७ मध्ये अमेरिकेतील मेंफिस येथे वॉल्टर ह्यूज यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना ही गोळी नेमाने दिली आणि न्यूमोसिस्टिसचा आजार त्यांच्याजवळ फिरकला नाही, असे दाखविले. म्हणजे एड्सचे नाव ऐकू येण्यापूर्वीच त्यातल्या मोठ्या मारेकऱ्यावरचा प्रतिबंधक उपाय पुस्तकात छापलेला होता. तरी तो सरसकट वापरा असा सरकारी सल्ला अमेरिकेत निघाला १९८९ मध्ये. न्यूयॉर्कचे मायकेल कॅलन हे स्वतः रुग्ण होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८७ मध्येच वरिष्ठांकडे जाऊन असा सल्ला काढा म्हणून विनंती केली होती. एड्सच्या रुग्णांवर पुरते प्रयोग झालेले नाहीत, हे कारण पुढे आले. मधल्या दोन वर्षांत जे गेले त्यांतल्या पुष्कळांना ती स्वस्त गोळी मिळाली नाही.

याच गोळीने आणखी एक परोपजीवी आवरला जातो. त्याचे नाव टॉक्सोप्लाझ्मा. १९०८ मध्ये ट्युनिस येथे निकोल आणि मांसो यांनी तो तेथल्या एका उंदरासारख्या प्राण्यात पाहिला. धनुष्यासारखा वाकडा, म्हणून धनुष्य या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. त्याचे खरे घर मांजराच्या आतड्यात आहे, हे उलगडावयास १९७० साल उजाडले. मांजराच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून, न धुतलेल्या भाजीतून किंवा अर्धकच्च्या मांसातून तो आपल्या शरीरात येतो आणि स्नायूंत, मेंदूत निजून राहतो. जगातील कोट्यवधी माणसांत तो असाच निजलेला आहे. सीडी-४ पेशी घनमिलिमीटरमागे शंभराच्या खाली गेल्या की तो जागा होतो, आणि मेंदूत सूज येऊन झटके, लुळेपणा, बेशुद्धी अशी लक्षणे दिसतात. गोळी चालू असली तर तो बहुधा निजलेलाच राहतो. म्हणून भाजी नीट धुवावी, मांस पुरते शिजवावे आणि मांजराची घाण काढण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. मांजर घालवून देण्याचे कारण नाही.

श्रीमंत देशांत गोळीचा उपयोग सिद्ध झाला, तरी गरीब देशांत ती उपयोगी पडेल का, यावर वाद चालूच होता. तो मिटविला आफ्रिकेने. पश्चिम आफ्रिकेतील आबीजान शहरात क्षय आणि एचआयव्ही दोन्ही झालेल्या रुग्णांना ही गोळी दिली, तेव्हा मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढल्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने व संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाने आफ्रिकेसाठी गोळीची शिफारस केली. २००४ मध्ये झांबियातील मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. गोळी मिळालेल्या मुलांत मृत्यू ४३ टक्क्यांनी कमी होते. त्याच वर्षी युगांडातील खेड्यांतून बातमी आली की, गोळीने मृत्यू ४६ टक्क्यांनी, हिवताप ७२ टक्क्यांनी आणि जुलाब ३५ टक्क्यांनी उतरले.

युगांडातील या कामात मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे पाण्याचे भांडे. त्यांनी एचआयव्ही झालेल्या माणसांच्या घरी अरुंद तोंडाचे, तोटी असलेले भांडे दिले आणि पाण्यात घालावयास क्लोरीनचे द्रावण दिले. उद्देश इतकाच, की पाण्यात कोणाचा हात बुडू नये. जुलाब चौथाईने कमी झाले. क्लोरीनने क्रिप्टोस्पोरिडियम मरत नाही हे मी वर लिहिलेच आहे, परंतु पटकीसारखे दुसरे अनेक जंतू मरतात, म्हणून एवढा फायदा झाला. आपल्या आज्या हंड्यावर झाकण ठेवीत, ओगराळ्याने पाणी काढीत आणि हात बुडविणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा घालीत. त्यांना एचआयव्ही ठाऊक नव्हता, शिस्त मात्र ठाऊक होती. पुढे २००६ मध्ये त्याच भागातून कळले की गोळी, विषाणूवरचे औषध आणि औषध लावलेली मच्छरदाणी या तिन्हींच्या जोडीने हिवताप ९५ टक्क्यांनी खाली आला.

जंतांविषयीही येथेच सांगते. पोटातले जंत काढले तर एचआयव्हीची वाढ मंदावेल अशी आशा कित्येक वर्षे होती. केनियात मोठा प्रयोग झाला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जंतांचे औषध सरसकट नेमाने दिल्याने एचआयव्हीच्या वाढीत फरक पडला नाही, असे त्यातून निघाले. म्हणून जंतांचे औषध टाकून द्यावयाचे असे नव्हे. रक्तक्षय आणि अशक्तता टाळण्यास ते हवेच. पण जंत पडले की एचआयव्ही आटोक्यात येतो, असे सांगून पुड्या विकणारा कोणी भेटला तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवावे.

आपल्या देशातील कथा काळ्या आजाराची. बिहारमध्ये हा रोग फार जुना. वाळूमाशी नावाची डासाहून लहान माशी चावली की याचा परोपजीवी अंगात शिरतो, प्लीहा वाढते, ताप हटत नाही, कांती काळवंडते आणि औषधावाचून माणूस जातो. १९०३ मध्ये लीशमन यांनी कलकत्त्याजवळील डमडम येथे आजारी पडलेल्या एका सैनिकाच्या शरीरातला हा जंतू जगापुढे मांडला आणि त्याच वर्षी डोनोव्हन यांना तो मद्रासला दिसला. म्हणून दोघांचीही नावे त्याला चिकटली. कलकत्त्याचे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या सुमारास युरिया स्टिबामीन हे औषध तयार करून असंख्य प्राण वाचविले. एचआयव्ही झालेल्या माणसाला हा रोग जडण्याचा संभव निदान शंभरपट जास्त असतो, आणि बरा झाला तरी तो पुन्हा उलटतो. दक्षिण युरोपात १९९० नंतरच्या वर्षांत ही जोडी पुष्कळ दिसली, आणि विषाणूवरची चांगली औषधे आल्यावर ओसरली. बिहारमध्ये दोन्ही रोग एकत्र झालेल्या १५० रुग्णांवर केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच औषध दिलेल्यांपैकी शंभरांत ८५ जण सात महिन्यांनी रोगमुक्त होते. दोन औषधे जोडीने दिलेल्यांत हे प्रमाण शंभरांत ९६ होते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ही जोडी नेमून दिली आणि रोग उलटू नये म्हणून पुढेही प्रतिबंधक औषध चालू ठेवावयास सांगितले.

हे सर्व खरे असले तरी मुख्य गोष्ट विसरता कामा नये. गोळी, उकळलेले पाणी आणि मच्छरदाणी चोराला अडवितात, पण दरवान परत आणतात ती विषाणूवरचीच औषधे. त्यांना एआरटी म्हणतात. तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत १९९६ पासून रूढ झाली. तेव्हा वर्षाचा खर्च माणशी १० हजार डॉलरांच्या वर होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली आणि जग चकित झाले. आपल्या सरकारने १ एप्रिल २००४ पासून ही औषधे मोफत देण्यास आरंभ केला. पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. २०१७ पासून तर पेशींची संख्या कितीही असो, निदान होताच औषध सुरू करावे असे धोरण झाले. नेमाने औषध घेतले की पेशी वाढतात, दडलेले जंतू दडूनच राहतात, आणि माणूस नोकरीधंदा करून म्हातारा होतो. पेशी पुरेशा वाढल्या की सल्फाची गोळी डॉक्टर थांबवूही शकतात. ती आपण होऊन सुरू करावयाची नाही आणि आपण होऊन बंदही करावयाची नाही, कारण काहींना सल्फाने अंगावर घातक पुरळ उठते.

मग आज अडते कोठे? औषध मोफत, गोळी स्वस्त, पाणी उकळावयास चूल घरातच. अडते ते लाजेपाशी. गाठोडे लपवून एआरटी केंद्रात जाणारी बाई तिकडे कोणी ओळखीचे दिसले की दारातून माघारी फिरते. एक खेप चुकते, मग दुसरी. दरवान पुन्हा कमी होऊ लागतात. ज्या बाईला दुसऱ्या गावी कामावर निराळा पेला मिळाला, ती सर्वांसमोर डब्यातून गोळी काढून घेईल काय? म्हणजे ज्याला आपण सोवळेपणा समजतो, तोच तिच्या अंगातल्या जंतूला वाट करून देतो.

२०१७ मध्ये आपल्या संसदेने एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार अशा माणसाला नोकरीत, शाळेत, दवाखान्यात वेगळे वागविण्यास मनाई आहे, आणि तुला हा रोग आहे काय हे सांगावयास कोणाला भाग पाडता येत नाही. काही भगिनी विचारतात, मग आम्हाला कळावे कसे? माझे उत्तर असे की, कळण्याची गरजच नाही. आपल्यात कोणाच्या पेशी कमी आहेत हे तोंडावर लिहिलेले नसते. कोणी कर्करोगाचे औषध घेत असेल, कोणाचे मूत्रपिंड बदललेले असेल. त्यांनाही हेच जंतू तितकेच घातक आहेत. म्हणून एकीचा पेला निराळा करण्यापेक्षा सगळ्यांचेच पाणी चांगले करणे, हा सोपा आणि सभ्य मार्ग होय.

आपल्या मंडळापुढे मी तीन सूचना ठेवते. हळदीकुंकू, वाढदिवस, भजन, कोणताही कार्यक्रम असो, पिण्याचे पाणी उकळून गार केलेले असावे आणि ते तोटीच्या, झाकणाच्या भांड्यात असावे. एक मोठे भांडे यंदाच्या वर्गणीतून घेता येईल. दुसरे, कोशिंबिरीच्या भाज्या स्वच्छ पाण्याने धुऊन, हात धुऊनच चिराव्यात. तिसरे, पेले सगळे एकसारखे असावेत, एकाच मोरीत, एकाच साबणाने घासलेले. कोणाचा पेला कोणता, हे ओळखता येऊ नये.

एवढे केले तर आपल्या दाराशी येणारी कोणतीही बाई, तिला काय आहे नि काय नाही हे न सांगता, निर्धास्तपणे दोन घोट पाणी पिऊन आपल्या शेजारी बसेल. मंडळाच्या पुढल्या वर्षासाठी मला याहून मोठा संकल्प सुचत नाही.